चिमणीचा नियम

दि. ४ मार्च
चि. चिमणीस अनेक आशीर्वाद.

तुमच्या तिकडच्या सरकारी खात्याच्या मदतीचं इंटरनेट अखेर आमच्या वाचनालयापर्यंत पोचलं. जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे होते त्या मागच्या खोलीत सहा संगणक मांडलेत आणि छपरावर भली मोठी तबकडी बसवली आहे. मी आता नुसती ग्रंथपाल नाही, केंद्रप्रमुख आहे, तेव्हा यापुढे माझ्याशी जरा जपून बोल.

दारावर तुझा नियम लावलाय: वापर फक्त शिक्षण, आरोग्य आणि व्यवसायासाठी, खासगी बोलण्यासाठी नाही. तो तू लिहिलास, हे आईने गल्लीभर सांगून झालंय. पण इथे येणाऱ्या बहुतेक बायकांना परदेशी कामाला गेलेल्या मुलांचे चेहरे बघायचे असतात. बेकरीवालीला मी दोनदा परत पाठवलं. तेव्हापासून ती पाव देते, पण बोलत नाही.

आईच्या डोळ्यांची नस सुकत चालली आहे असं डॉक्टर म्हणाले. औषधाने वेग कमी होईल, पण ते थांबणार नाही. टपाल कचेरीतल्या फोनवर तुझा आवाज ऐकून तिचं समाधान होत नाही. दिसतंय तोवर चिमणीला एकदा बघायचंय, म्हणते. पाच वर्षं झाली तुला परदेशी जाऊन. मी तिला म्हटलं, चल, केंद्रात बसवते, तर तीच अडून बसली. चिमणीचा नियम आहे, आपणच मोडला तर लोक काय म्हणतील, म्हणाली.

जेवत जा वेळेवर. माया आहे तशीच आहे.
तुझी ताई

दि. २५ मार्च
ती. ताईस सा. न. वि. वि.

पत्र वाचून कपाळावर हात मारला. अगं, असले नियम शब्दशः पाळायचे नसतात. समितीतले एक आजोबा हटून बसले होते, की आपल्या करातून परक्यांनी गप्पा का माराव्यात. त्यांचं समाधान व्हावं म्हणून एका दुपारी मी ती ओळ घातली. मंजुरी मिळाली, विषय संपला. बाकी सगळीकडचे केंद्रप्रमुख सर्रास काणाडोळा करतात. इतकं इमानदार माणूस आमच्याच घरात निघावं, हे माझं नशीब.

रविवारी केंद्र बंद असतं ना? मागच्या दाराने आईला आण. उशीर करू नकोस. इथे कायम राहण्याचे कागद हातात पडेपर्यंत मला देशाबाहेर पडता येत नाही, आणि आईच्या डोळ्यांचं वाचल्यापासून माझं कशात लक्ष नाही. तोवर हा फोटो तिला दे.

राग धरू नकोस आणि लोभ कमी करू नकोस.
तुझी चिमणी

दि. १६ एप्रिल
चि. चिमणीस अनेक आशीर्वाद.

राग धरू नकोस म्हणालीस, पण मला राग आलाच. तुझा विषय एका दुपारी संपला आणि मी महिनाभर बायकांना दारातून परतवून लावतेय. तू लिहिलास म्हणून मी तो पाळला. दुसऱ्या कुणाचा असता तर मीही काणाडोळा केला असता.

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. हल्ली पत्रं मीच वाचते, तुझं अक्षर फार बारीक असतं म्हणे. मागच्या दाराने यायला ती तयार नाही. बेकरीवाली पुढच्या दाराने आत बसली की मग मी बसेन, म्हणाली. तिचा हट्ट तुला माहीत आहे, तुझ्यातही तो पुरेपूर उतरलाय.

फोटो तिने बराच वेळ हातात धरला आणि मला विचारलं, तुला कशी वाटते? मी म्हटलं, केस कापल्याने चेहरा भरल्यासारखा दिसतो. त्यावर तिने मान डोलावली आणि फोटो उशीखाली ठेवला.

ती ओळ तू घातलीस, आता तूच काढ.
रागावलेली, तरी तुझीच, ताई

दि. २ जून
ती. ताईस सा. न. वि. वि.

ओळ काढली. साहेबांनी विचारलं, आजोबांना काय सांगायचं? मी म्हटलं, मीच सांगते. समितीपुढे उभी राहिले आणि म्हटलं, ज्याला पोराचा चेहरा बघता येतो तोच उद्या त्या यंत्रावर अर्ज भरायला शिकतो. आजोबा बधले नाहीत. मग आईचं सांगितलं. तेव्हा त्यांनी सही केली. त्यांचाही मुलगा लांब असतो, हे नंतर कळलं.

एक जुलैपासून नवा नियम लागू. पण इंटरनेटची लाइन वाढवून मिळाली नाही. गर्दी झाली की चित्र अडखळेल, सांभाळून घ्या.

आईला सांग, पुढच्या दाराने ये. तुझा राग गेला असेल तर दोन ओळी जास्त लिही.
तुझी चिमणी

दि. ८ जुलै
चि. चिमणीस अनेक आशीर्वाद.

पहिल्या दिवशी पहिली बेकरीवाली बसली, मग आई. सहाही संगणक भरलेले, बाहेर रांग. आई माझा हात धरून आली, गर्दी फार होती. तिला बसवलं, कानाला यंत्र लावलं, तुझा आवाज आल्यावर मधला कापडी पडदा ओढून मी रांगेकडे गेले. परत आले तर तिचा चेहरा फुललेला. म्हणाली, पोरगी अगदी समोर बसल्यासारखी दिसली. डॉक्टरांचा अंदाज चुकला असणार. मला किती हलकं वाटतंय म्हणून सांगू.

बेकरीवाली आता जुनं सगळं उकरून उकरून बोलते. त्यापेक्षा अबोला बरा होता.

राग केव्हाच गेला. सुखात राहा.
तुझी ताई

दि. २९ जुलै
ती. ताईस सा. न. वि. वि.

हे पत्र आईला वाचून दाखवू नकोस.

त्या दिवशी लाइन पुरली नाही. अशा वेळी आमची यंत्रणा एका बाजूचं चित्र बंद करते. मला आई नीट दिसत होती, कानामागची पांढरी बटसुद्धा. पण माझं चित्र तिकडे जात नसल्याची सूचना माझ्या पडद्यावर शेवटपर्यंत होती. आईसमोर काळा पडदा होता, ताई. मी तसं सांगणार, तेवढ्यात ती म्हणाली, केस कापल्याने चेहरा भरल्यासारखा दिसतो. हे तुझंच वाक्य, मी पत्रात वाचलेलं.

तिने विचारलं, मागून किती कापलेत, बघू. मी उठले, पाठमोरी झाले आणि थोडा वेळ तशीच उभी राहिले. छान आहेत, म्हणाली.

मला कळलंय हे तिला कळू देऊ नकोस. कागद हातात आले की मी निघतेच. तोवर लोभ आहे तसा ठेव, आणि रस्त्यात गर्दी नसली तरी तिचा हात धरत जा.
तुझी चिमणी