आईच्या ओळींमधली जागा

लातूर, ५ एप्रिल २००४

चि. शिल्पास दादाचे भरभरून आशीर्वाद. शेषेरावकाका व शिवगंगाकाकूंना शि.सा.न.

अगं, तुझ्या हळदीला आई गाणार! भूकंपाच्या आदल्या वर्षी आत्याच्या हळदीत मी टेपरेकॉर्डर आईच्या तोंडापाशी धरून बसलो होतो, आठवतं? ती कॅसेट माझ्या नांदेडच्या होस्टेलच्या पेटीत होती म्हणून वाचली. क्लासमध्ये ज्या कॉम्प्युटरवर मी सरांची लेक्चरं रेकॉर्ड करतो, त्यातच ती घेतली. गंमत बघ, मिनिटाला किती ठोके हे एकदा ठरवलं की कुठलाही आवाज त्या ठेक्यात ताणून किंवा आवळून बसवता येतो, पट्टी बदलत नाही. ढोलकीसुद्धा घातली. प्रत्येक ओळीनंतर नुसती खरखर होती, ती कापली. सरांच्या लेक्चरमधली रिकामी जागा मी रोज अशीच कापतो.

सीडी एसटीच्या पार्सलने येईल. जुबेरच्या कॅसेटच्या दुकानात ऐक, आणि रडू नकोस. दादावरचा लोभ सासरी जातानाही सोबत ने.

तुझा भुजंगदादा

लोहा, ९ एप्रिल

ती. दादास शिल्पाचा शि.सा.न.

रडले नाही, राग आला. आवाज आईचाच, पण तिची बस चुकत असल्यासारखी गाते. जुबेरही म्हणाला, ढोलकी लई भारी हाय, पण बाई दम घेऊन न्हाई राहिल्या.

दादा, आई ओळ सोडायची आणि काकू झेलायची. काकूला दमा. तिचा श्वास अडायचा म्हणून तिची अक्का, म्हणजे आपली आई, थांबायची, कधी थोडं, कधी बरंच. काकू बसायची दारापाशी आणि तुझा टेप आईच्या तोंडाशी. ती खरखर रिकामी नाही रे, तिथे काकू आहे. आई भूकंपात गेल्यापासून काकू कुणाच्याच हळदीत गायली नाही, म्हणून तिला यातलं काही सांगितलं नाही. जमत नसेल तर नुसती कॅसेट आण, पण मला आई तिच्या चालीची हवी.

चिडू नकोस. हक्क तुझ्यावर नाही तर कुणावर चालवू?

तुझी शिल्पा

लातूर, १४ एप्रिल

चि. शिल्पास आशीर्वाद.

चिडलो होतो, एक दिवस. मग हेडफोन लावून मूळ कॅसेट ऐकली. खरखरीच्या तळाशी खरंच काकू सापडली! मग सगळं उलटं केलं. आईला ठेक्यात बसवायचं सोडलं आणि ठेकाच आईच्या मागे लावला. ओळीओळीला तिचा वेग मोजून तिथे तसा टेम्पो ठेवला. काकूच्या जागा जशाच्या तशा. शिल्पा, आता ढोलकी आईसाठी थांबते! नवी सीडी आजच्या एसटीने निघाली आहे. आधी एकटीच ऐक, काकूला त्रास नको.

भांडखोर बहिणीचा लाडका भाऊ,
भुजंग

लोहा, १८ एप्रिल

ती. दादास शि.सा.न.

एकटी ऐकणं जमलं नाही. जुबेरने प्लेयर घरीच आणून लावला, तेव्हा काकू आत पापड लाटत होती. आईने पहिली ओळ सोडली, ढोलकी मंदावली, आणि आतून काकूने ओळ झेलली! दहा वर्षांनी, दादा! मी नाचले, काका चष्मा पुसत बसले. तिसऱ्या ओळीला काकूचा श्वास अडला, ती सावरायच्या आत आई पुढे गेली.

मला वाटलं, आता ही रडणार. ती पिठाच्या हाताने बाहेर आली आणि तिने मला ताबडतोब तुला पत्र लिहायला बसवलं. म्हणते, भुजंगला म्हणावं माझ्या जागा जराशा वाढव, आता दम लई लागतो. अक्का थांबतील.

लवकर ये, ताल आणि माया दोन्ही घेऊन.

तुझी शिल्पा