आपल्या अंगणातलं बसणं

सूप तू धाकट्या वहिनीला दिलंस. पोरींत मी थोरली, तुझ्या मांडीला मांडी लावून पाखडायला शिकले मी, आणि ते शेणामेथीनं लिंपलेलं बांबूचं सूप गेलं कुणाकडे, तर जिला भातातला खडा दाताखाली आल्यावरच कळायचा तिच्याकडे. तुला जाऊन इतकी वर्षं झाली तरी हे मी सोडलेलं नाही. आता बैस, आई, सांगायचं आहे. तुला वाचता येत नव्हतं आणि मला तिसरीपुरतंच येतं, तेव्हा माझ्या अक्षराला नावं ठेवायची तुझी सोय नाही.

तुझं बसणं बडोद्याला आलंय. मीच आणलं, दुसरं कोण आणणार? पाड्यावर कुणाच्या घरात बाईचा आवाज चढला, भांडं आपटलं, की तू हातातलं टाकायचीस, सुपात दोन मुठी धान्य घ्यायचीस आणि निघायचीस. तुला बघून बाकीच्या निघायच्या. त्या घराच्या अंगणात जाऊन बसायचं, पाखडत राहायचं, तोंडातून एक शब्द नाही. अंगणात बसलेल्या बाईला आपल्या लोकांत उपाशी उठवता येत नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. आणि घरची बाई तर बाहेर आपल्यात येऊन बसलेली. मग पीठ मळणार कोण? ज्याचा हात उठला तोच. सगळा पाडा बघतोय आणि हा गडी धुरात डोळे चोळत भाकरी थापतोय. पहिली भाकर बायकोला, मग आपल्याला. उठताना एक सूप त्याच्या दाराला टांगून यायचं. ते काढायचा हक्क फक्त घरच्या बाईचा, तिचं मन मानेल तेव्हा. पुढे पुढे तर भाकरीपर्यंत जायचंच नाही. वाटेवर सुपं वाजली की उठलेला हात खाली यायचा.

लग्न होऊन मी तरसालीच्या मागे या बस्तीत आले, कडियाकामाला, म्हणजे गवंड्याच्या हाताखाली लागले, डोक्यावर विटा वाहिल्या. शेजारी आपले भिल्ल, राठवा, सगळे पोटासाठी आलेले. रात्री पत्र्याच्या भिंतीतून सगळं ऐकू यायचं. एकदा मी सूप घेऊन उठले, तर शेजारणीनं कुठे निघालीस म्हणून विचारलं, "अरे मासी, क्यां चाल्या?" म्हटलं, "जेवायला. तू पण चल." तशी सुरुवात झाली. आता बस्तीत मीच तू आहे. फ्लॅटवाले लोक म्हणतात, आदिवासींत मारहाण फार. त्यांच्या खिडक्यांना काचा आहेत, एवढाच फरक.

आता मूळ गोष्ट. माझ्या मुलीची मुलगी एका संस्थेत काम करते, चुरूचुरू बोलते, माझ्यावर गेली आहे. ती म्हणाली, "आजी, अलकापुरीत एक ऑफिस आहे. आदिवासींनी आपल्याच रीतीनं मारहाण थांबवली तर त्या कामाला ते पैसे देतात." मला पैसे हवेच होते, लाज कसली? सावली गावाकडे कारखान्यांमागे आपल्याच पोरी झोपड्यांत राहतात. एक तर आपल्या शेजारच्या पाड्याची, तिचा हात मोडलेला मी डोळ्यांनी बघितला. तिच्या अंगणात जाऊन बसायला कुणी नाही. आमच्या बायका जातील, पण रोज बुडतो, टेम्पो लागतो, पीठ लागतं. त्या घरात मळायला पीठ तरी असतं का?

गेले. तिथे इतकं गार करून ठेवलंय की पदर कानाला गुंडाळून बसले. मोठे साहेब म्हणाले, "आम्ही सुपांवर आमचं नाव छापून देऊ, सगळ्यांना एका रंगाच्या साड्या." म्हटलं, "साहेब, आम्ही बसायला जातो, वरात काढत नाही." नातीनं माझ्या पायावर पाय दिला. पण तिथे एक तरुण बाई होती, सगळे तिला बेन म्हणत, तिनं मात्र कामाचं विचारलं. "मावशी, भाकरी थापून खाऊ घातल्या, आणि महिन्याने पुन्हा मारलं, तर?" आई, याचं उत्तर तुझ्याकडे नव्हतं. त्या बाईला तुम्ही पुन्हा त्याच घरात सोडून यायचात. मी खरं ते सांगितलं, की उत्तर नाही. ती म्हणाली, "मग ते आपण मिळून शोधू. आधी मला बसणं बघायचंय."

आणि बघायला आली, तीही ठरल्याच्या आदल्या दिवशी. मी गिरणीवर गेलेले. नातीनं तिला आणि तिच्याबरोबरच्या दुसरीला माझ्या अंगणात बसवलं आणि नुसतं दाखवायला म्हणून दोघींच्या हातात सुपं दिली. शेजारणीनं भिंतीवरून बघितलं. माझं अंगण, बाहेरच्या दोन बायका, सुपं, तोंडं बंद. तिला वाटलं, बसणं लागलं. तिनं आपलं सूप उचललं, पलीकडचीला खूण केली, आणि बघता बघता अंगण भरलं. विचारायचं कुणी? बोलायचं नाही हा तर तुझाच नियम.

मी पीठ डोक्यावर घेऊन गल्लीत शिरतेय तोवर माझा मुलगा मकरपुऱ्याच्या कारखान्यातून आलेला. दारात उभा. सगळ्यांकडे एकदा बघितलं, बूट काढले, हात धुतले, आत गेला आणि परात घेऊन आला. सून दाराशी उभी होती, ती पुढे येऊन बायकांत बसली. कोपरावरची ओढणी सरकली तेव्हा मला निळं दिसलं. एका छपराखाली राहते मी, आई. बाहेरच्या खोलीत झोपते, डाव्या कानानं कमी ऐकू येतं. तरी कळायला हवं होतं.

नात डोळ्यांनी मला खुणावत होती, आजी, काहीतरी बोल. एका वाक्याचं काम होतं. "अगं बायांनो, हे पाहुण्यांना दाखवायला होतं," म्हटलं असतं, सगळ्या हसून उठल्या असत्या, पैसेही वाचले असते, माझं नाकही. मी डोक्यावरचं पीठ उतरवून मुलापुढे ठेवलं, म्हटलं, "हे ताजं आहे, हे घे," आणि शेजारणीच्या बाजूला खाली बसले. त्यानं थापल्या. पहिली भाकर बायकोला दिली. तो माझा मुलगा आहे आणि मी बघत राहिले. नंतर सुनेला विचारलं, मला का नाही सांगितलंस? ती म्हणाली, "सुपं तुम्हीच उठवता. तुमच्याच घरी बसायला कुणाला बोलावणार होते?" उठताना त्या ऑफिसवाल्या बेनचंच सूप दाराला टांगलं. अजून तिथेच आहे. सून रोज त्याखालून ये-जा करते, काढत नाही. काढायची घाई मीही करत नाही.

पुढे अलकापुरीत मोठे साहेब म्हणाले, "प्रमुख बाईच्याच घरात असा प्रकार, मग कसं द्यायचं?" मी तोंड उघडायच्या आत ती बेन म्हणाली, "सर, त्या घरातल्या माणसानं कुणी न सांगता परात उचलली. अजून काय बघायचंय?" पैसे आले. बायकांचा रोज, टेम्पो, पीठ, आणि एक खोली, ज्याला भाकरी थापूनही अक्कल येत नाही त्याच्या बायकोला राहायला. खोली त्या बेनची कल्पना. चांगली आहे, मी कबूल केलं. सावलीला आम्ही जाऊन आलो. त्या हात मोडलेल्या पोरीनं आम्हाला बघितलं आणि आपलं सूप शोधायला आत पळाली. तिकडच्या आपल्या बायका आता आपल्या आपण उठतात. माझी छाती किती फुगली असेल ते तुला सांगायला नको, तुझीच आहे.

पण एक राहतंच. मी लहान असताना तुझं मनगट सुजलेलं असायचं आणि तरी तू दुसऱ्यांच्या अंगणात पाखडत बसायचीस. मी विचारलं होतं, आपल्याकडे कधी बसायचं? तू माझ्या पाठीत धपाटा घातलास. "गप. तुझ्या बाला दिवसभर काम असतं." झालं तुझं उत्तर. सूप मला का दिलं नाहीस ते आता थोडं कळतं. मी ते आपल्याच दाराला टांगलं असतं.

हा कागद कुठे टाकायचा नाही, पिठाच्या डब्याखाली राहील. आणि खरं सांगायचं तर मुलाची ती भाकर कडेला कच्ची होती. मी दोन खाल्ल्या.

आता या कागदाच्या उत्तराचं. तू द्यायचं नाहीस. जन्मभर बाच्या वतीनं तूच बोललीस, पुरे. तिकडे असेल तो कुठेतरी आडवा पडलेला. उठव त्याला, म्हणावं हात धू, पीठ मळ, पहिली भाकर मला दे. आणि मग पोरीला उत्तर तूच दे, बा.