तांबडी घोडी आणि फाडलेली पानं

प्रिय आप्पा,

‘तीर्थरूप’ लिहिलं नाही म्हणून रागावू नका. आधी तुम्हाला काही विचारायचं आहे, आणि तीर्थरूप माणसाला असले प्रश्न विचारत नाहीत.

तुम्ही जाऊन दोन महिने झाले. आज रविवार, स्टुडिओ बंद, म्हणून दुपारी खोलीत बसून लिहितोय. उद्या सकाळी माझी चित्रं शाईला जाणार. एकदा शाई लागली की बदल नाही. लढाईमुळे कागद आणि फिल्म दोन्ही जपून मिळतात, स्टुडिओचे साहेब दुसऱ्यांदा काही देणार नाहीत. आणि त्या चित्रांत तुम्ही आहात, आप्पा. चोर म्हणून आहात. ती शाईला द्यायची की नाही, हे मला आजच्या आज ठरवायचं आहे.

माझं काम तुम्हाला कधी नीट सांगितलंच नाही. तुम्हीही विचारलं नाहीत! माय एवढंच सांगायची, “सुपडू मुंबईले चित्रं काढस.” लोकांना वाटायचं मी देवादिकांचे फोटो रंगवतो. तसं नाही. एक माणूस दोन पावलं चालायचा तर मी चोवीस चित्रं काढतो, प्रत्येक मागच्यापेक्षा केसभर वेगळं. ती एकामागून एक पडद्यावर टाकली की कागदावरचा माणूस चालू लागतो. मोठा सिनेमा सुरू व्हायच्या आधी पाच मिनिटं लोकांना हसवायचं, ते आमचं खातं.

पहिली दोन वर्षं मी कोणालाच चालवू शकलो नाही. म्हणजे चालायचे सगळे, पण विलायती चालायचे. साहेबांनी बाहेरच्या कार्टूनची रिळं दाखवली होती, ती बघून बघून माझ्या हातात तेच उतरलं. गोल डोळे, हातमोजे, रबरासारखे पाय. मी मामलेदार काढला तरी तो विलायती उंदरासारखा टुणटुण उड्या मारायचा. साहेब म्हणाले, “हात तयार आहे तुझा. पण हा तुझा हात नाही. तुझं काय आहे ते दाखव, नाहीतर रंग भरायला बस.”

माझं काय आहे? मी फार शोधलं हो. रस्त्यात लोकांच्या मागे मागे फिरायचो, त्यांची चाल वहीत टिपायचो. एकदा भायखळ्याला एका गृहस्थाच्या मागे अर्धा तास गेलो, कारण तो डावा पाय जरा फेकत चालायचा. शेवटी तो गर्रकन वळला आणि माझी गचांडी धरली. “सीआयडी आहेस काय रे?” वही दाखवली तर संशय आणखीनच वाढला, कारण वहीत तोच होता! स्टुडिओत ही गोष्ट कळली तेव्हापासून मला सगळे ‘फौजदार’ म्हणतात.

चूक त्यांची नाही. मला खरंच कोणी माणूस सरळ दिसत नाही. समोर आला की आधी वाटतं, ह्याची खोट कुठे आहे? ही नजर कोणाची, सांगा बघू! आक्काला बघायला आलेल्या मुलाला तुम्ही विहीर दाखवायच्या निमित्तानं मळ्याच्या टोकापर्यंत चालवत नेलंत आणि स्वतः दहा पावलं मागे राहिलात. परत आल्यावर मायच्या कानात म्हणालात, “गुडघा बरा शे. हो म्हन.” पाहुणे बिचारे विहिरीचं पाणी गोड म्हणून कौतुक करत होते.

सारंगखेड्याच्या जत्रेत तुमच्यासारखा पारखी नव्हता, हे मी नाकारत नाही. रुमालाखाली बोटं दाबून सौदे करणारे दलाल पुष्कळ होते. पण घोडं लंगडतं की नाही हे सांगायला लोक तुम्हालाच बोलवायचे. मला शिकवलंत ते अजून पाठ आहे. “पाय नको देखू, मुंडकं देख. पाय खोटं बोलतस, मुंडकं नही बोलत.” दुखरा पाय जमिनीला लागला की घोडं मान वर झटकतं. तेवढंच बघायचं.

आता त्या तांबड्या घोडीचं बोलू. इतकी वर्षं आपण दोघांनीही ते टाळलं.

मी सोळा वर्षांचा होतो. जत्रेच्या आदल्या दिवशी कोणी परमुलखातला सौदागर ती घोडी घेऊन तापीकाठी उतरला. मी काठावर बसून इतिहासाच्या वहीच्या कोपऱ्यात तिची चाल काढली, एका पानावर एक पाऊल, अशी तीस-बत्तीस पानं. अंगठ्यानं पानं फरफर सोडली की घोडी चालायची. पुढचा डावा पाय टेकला की मान वर! मला कोण आनंद झाला होता. दुसऱ्या दिवशी जत्रेत तीच घोडी पुन्हा काढली, वहीच्या दुसऱ्या टोकापासून. आणि काय बघतो, मान हलेचना. पाऊल मात्र आखूड झालेलं.

मी धावत तुमच्याकडे आलो. “आप्पा, देखा ना, काल मान हाली ऱ्हायनी व्हती, आज नही!” तुम्ही पानं सोडून बघितलीत. पुन्हा बघितलीत. तिसऱ्यांदा बघितलीत आणि तुमचं तोंड उतरलं. मग ती सगळी पानं टराटरा फाडून कोटाच्या खिशात घातलीत. म्हणालात, “आते चित्रं बंद. घर जाय.”

का फाडलीत?

डाव पुढे मला कळला. एका पायात लंगडेपण असलं की दुसऱ्या खुरात खिळा घट्ट ठोकायचा. दोन्ही पाय सारखेच दुखले की मान हलत नाही, घोडं नुसतं लाजरं वाटतं. आणि त्या सकाळीच तुमच्या शब्दावर तिचा सौदा झाला होता, तुमच्या जिवाभावाच्या मोतनभाईंशी. तापीकाठचे ते गुजर शेतकरी, दरसाल जत्रेत पहिला चहा तुमच्याबरोबर घेणारे. मला सरळ हिशेब दिसला. आप्पांना माहीत होतं. आप्पा सामील होते. माझी वही म्हणजे पुरावा, म्हणून फाडली.

त्या दिवसापासून तुम्ही सांगितलेली कुठलीच गोष्ट मी खरी मानली नाही. ताप आलाय म्हणालात तर कपाळाला हात लावून बघायचो. मुंबईला आलो तोही भांडून नाही, न सांगता. तुम्ही आजारी असल्याचं पत्र आलं तेव्हासुद्धा वाटलं, मला बोलावून घ्यायची ही युक्ती. चार दिवस तसेच घालवले. नंदुरबार स्टेशनवर उतरलो तेव्हा गावातल्या एका टांगेवाल्यानं सांगितलं, तुम्ही गेलात. आप्पा, ह्याची मात्र मला लाज वाटते. फार वाटते.

त्याआधी, पावसाळ्यात, साहेबांनी शेवटची संधी दिली होती. मी म्हणालो, घोडेबाजाराची गोष्ट करू. लबाड दलाल, लंगडी घोडी, भोळा शेतकरी. दलाल काढायला बसलो आणि पहिल्यांदाच हात आपोआप चालला. उजवा खांदा खाली, उजवा हात कोटाच्या खिशात, दर चार पावलांनी मान वळवून मागे बघायचं. विलायती काही उरलंच नाही. साहेबांनी कागद फरफरवले आणि टेबलावर थाप मारली. “हा बघ तुझा हात! ह्या माणसाला चालताना बघूनच कळतं की ह्यानं काहीतरी लपवलंय!” सगळं खातं गोळा झालं, हसून हसून बेजार. मीही हसलो. घरी येईपर्यंत हसत होतो.

तुम्ही जिवंत होतात तेव्हा.

दहाव्याला तापीवर मोतनभाई आले. केस सगळे पिकलेत, काठी टेकत चालतात, पण मान सरळ. विधी आटोपल्यावर मला बाजूला घेऊन बसले. म्हणाले, “सुपडू, तुले एक गोट सांगनी शे. तुन्हा बाप व्हता तवलग सांगता येत नव्हती.”

मला वाटलं, आली. आता तांबड्या घोडीची तक्रार ऐकायची.

“त्या जत्राले, त्याच संध्याकाळे तो मन्हा घर इना व्हता. खिसामाईन कागद काढात. फरफर करीसन माले घोडी चालाडी दखाडी. म्हने, ‘मोतन, मन्हा डोया फसना. मन्हा पोऱ्याना नही फसना. खुर देख.’ खुर दखा तं खिळा! रातोरात सौदागरले धरा आनि घोडी परत कयी.”

“मंग माले काबर नही सांगं?” मी विचारलं.

मोतनभाई हसले. “बाप व्हता ना तो. सारा खान्देश त्याले पारखी म्हने, आनि सोळा वरीसना पोऱ्यानी पेन्सिल त्यानापेक्षा जास्ती देखे! त्यानी माले शप्पत घाली, कोनले सांगू नको म्हने.”

मी लगेच विचारलं, बघा, लगेच: “त्या कागद कोठे शेतस?”

“तापीना पूरमा ग्यात, भो. घरच ग्यं अर्धं.”

पुरावा नेमका पुरात कसा जातो हो, आप्पा? मोतनभाईंनी मला बरं वाटावं म्हणून तर हे रचलं नाही? घोडी परत केली म्हणतात, मग त्या साली गावात कोणीच का बोललं नाही? घरी येऊन मायला विचारलं. ती तांदूळ निवडत होती. खडा बाजूला टाकत म्हणाली, “मोतनभाई खोटं बोलाव माणूस नही.” मग थांबली, आणि तुमची बायको शोभेल असं म्हणाली, “पन मयतना घर खरं कोन बोलस?”

आता मी काय करायचं? दोन महिने झाले, मी ही गोष्ट उलटीपालटी करून बघतोय. तुमचं उतरलेलं तोंड आठवतो. चोर सापडल्याचं तोंड होतं ते, की पारखी हरल्याचं? दोन्ही तोंडं काढून बघितली, खरंच कागदावर काढली. सारखीच येतात.

तुम्ही एक शब्द बोलला असतात तर! “पोऱ्या, तुन्हं खरं.” बस्स, एवढंच. मी न सांगता पळालो नसतो. हसत हसत मुंबईला आलो असतो, दरसाल जत्रेला परत आलो असतो, तुमच्या शेजारी बसून घोडी काढली असती. पारखीतली चूक जगापासून लपवलीत ती एक वेळ समजू शकतो. पण ज्यानं ती पकडली त्याच्यापासूनही लपवायची? एवढा कसला तो मान, आप्पा? मी काय बाजारात ओरडत सुटणार होतो?

खरं सांगायचं तर ओरडलो असतो. सोळा वर्षांचा होतो.

आणि ज्याला साहेब माझी शैली म्हणतात, ती तरी माझी आहे का? ज्याच्या त्याच्यात खोट शोधायची तुमची नजर, तुमचाच खांदा, तुमचीच मान, आणि वर माझा राग. चालणाऱ्याला कुठे दुखतंय ते आधी ठरवायचं आणि मग तो माणूस काढायचा, हे मला जमतं आणि खात्यात दुसऱ्या कोणाला जमत नाही, एवढं खरं. पण तुमचं दुखणं मी चोरी समजून काढलं. साध्या घोड्याच्या बाबतीत अशी चूक केली असती तर तुम्ही मला जत्रेत उभं केलं नसतंत.

तेव्हा ऐका. तुमची चाल मी बदलणार नाही. ती माझ्या हातात बसलीय, आता निघायची नाही. पण उद्या सकाळी शाई लागायच्या आधी साहेबांच्या टेबलावर शेवटची सगळी चित्रं परत मागणार आहे. नवीन शेवट सांगणार आहे. दलाल भर जत्रेत उभा राहील, घोडीचा खूर उचलेल, सगळ्या गावाला खिळा दाखवेल आणि मोठ्यानं म्हणेल की मी फसलो. जे तुम्ही संध्याकाळी एका घरात गुपचूप केलंत, ते तो उजेडात करेल. लोकांना हसू येईल की नाही, माहीत नाही. साहेब म्हणतील, “फौजदार, डोकं फिरलं का तुझं?” रंग भरायला बसवतील कदाचित. बसेन. पण तुमचा चोर माझ्या हातानं पडद्यावर जाणार नाही, हा शब्द.

पुरावा मिळालेला नाही. साक्षीदार एकच, तोही दहाव्याला आलेला. मी पुन्हा चौकशी करणार नाही, मोतनभाईंच्या गावी जाऊन कोणाला विचारणार नाही. पारख न करता, घोड्याचे दात न बघता घेतलेला हा आपल्या घरातला पहिलाच सौदा असेल, आप्पा. मी तुमच्यावर विश्वास ठेवतोय.

तुमचा पोऱ्या,
सुपडू