जाणूनबुजून घातलेले टाके

तीर्थरूप ताई,

साष्टांग नमस्कार (कंबर धरली आहे म्हणून निम्माच, राहिलेला समक्ष). तुझा गुडघा काय म्हणतो? दाजी अजून सकाळी रेडिओच्याही वर आवाज चढवून बातम्या समजावून सांगतात का? आमच्याकडे सगळे मजेत. मी तर जास्तच मजेत आहे, हे आधीच लिहून ठेवतो, कारण पुढचं वाचून तुला तसं वाटणार नाही.

तुला माहीतच आहे, तेहतीस वर्षं मी ग्रंथालयाच्या तळघरात फाटकी पुस्तकं बांधतोय. गेल्या साली नवे साहेब आले (वय आमच्या थोरलीएवढं) आणि त्यांनी डिंकाचं यंत्र आणलं. हुकूम निघाला की यापुढे शिलाई बंद. पुस्तकाची पाठ कापायची, गरम डिंक लावायचा, चार मिनिटांत पुस्तक तयार. दिसतं झकास, पण उघडून ठेवलं की आपोआप मिटतं. अशात वाचनकक्षातला मोठा इंग्रजी शब्दकोश दुरुस्तीला आला, मांडीवर घेतला तर पायाला मुंग्या येतील असा. त्याच्या पाठीवर पातं चालवायला माझा हात धजेना. यंत्र बंद केलं, झाडलोटवाल्या मावशींकडून सुई ओवून घेतली आणि अकरा दिवस शिवत बसलो. हुकूम मी वाचला होता, मला समजला होता, खाली सहीसुद्धा केली होती.

मग मेमो आला. इंग्रजीत. त्यात माझ्या वागण्याला 'विलफुल' म्हटलंय, तेही दोनदा: एकदा शिलाईबद्दल, आणि एकदा सोळा पानांचा एक जुडगा उलटा शिवला गेला त्याबद्दल (लोक कोश फिरवून वाचतात, तक्रार एकाचीच आहे). समाधानकारक खुलासा दिला नाही, तर नोकरीची उरलेली दोन वर्षं दारावर लोकांच्या पिशव्या सांभाळायच्या. मी त्याच कोशात शब्द काढला. पान पसरलं ते पसरलेलंच राहिलं, हे साहेबांना दाखवायला हवं होतं. पहिला अर्थ, जाणूनबुजून केलेलं. दुसरा, कुणाचं न ऐकणारा, आपलंच खरं करणारा; उदाहरणाला एक कार्टं दिलंय. पहिल्याखाली उदाहरणं सगळी नुकसान, अवज्ञा, हयगय अशीच. चांगलं काम कुणी विलफुल केल्याचं एकही नाही. मग मी अकरा दिवस काय करत होतो? तुझ्या भावजयीला विचारलं, तर ती भाजी चिरता चिरता म्हणाली, "त्यात काय बघायचंय? तिथे तुमचा फोटो असेल."

साहेब माणूस वाईट नाही गं. दार लावून मला खुर्ची दिली आणि म्हणाले, "काका, एक ओळ लिहा, अनवधानाने झालं. मी फाईल बंद करतो." मी म्हटलं, "अकरा दिवस अनवधान?" त्यांना हसू आवरेना. मग म्हणाले, "बरं, तो उलटा जुडगा तरी चुकून ना?" आणि ताई, माझ्या तोंडून निघून गेलं, "छे, तोही मुद्दाम!" खरं तर तो चुकूनच लागला, आणि चुकलो म्हणायला माझी जीभ रेटेना. बाहेर आल्यावर माझी मलाच लाज वाटली. सध्या तेवढे टाके उसवून पानं सरळ करतोय. तळघरात गारवा आहे, सुई आहे, वर बोलावणारं कुणी नाही. याहून काय पाहिजे?

बाकी क्षेम. दाजींना नमस्कार.

तुझा धाकटा

ता. क. खुलासा पुढल्या सोमवारी द्यायचाय. तू जन्मभर इंग्रजी शिकवलंस, तेव्हा मला चार ओळी लिहून पाठव. शिलाई मी विलफुल केली आणि असा कोश परत आला तर परत करीन. उलट्या पानांची चूक माझी. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलाय, नीट दिसलं नाही. डॉक्टरांचा कागद मी जोडतो.

आणखी एक. ऑपरेशन त्याच आठवड्यात, तुमच्या गावच्या दवाखान्यात आहे. घरी बोललेलो नाही. वर्षभर ती डोळे दाखवा म्हणून मागे लागली होती आणि मी, डोळे ठणठणीत आहेत, असं म्हणत तिच्यासमोर वर्तमानपत्र धरून बसत होतो. आता कुठल्या तोंडाने सांगू? भीतीही वाटते गं, हाताचं काम डोळ्यावर आहे. तिला एवढंच सांगितलंय की ताईने फार हट्ट धरलाय, दहा दिवस जावंच लागेल. तेव्हा तेवढा हट्ट उलट टपाली धर.

वन्सं, पाकिटावर पत्ता घालायला पत्र माझ्याकडेच दिलंय. त्यांच्या ओळी एकमेकींवर चढतात. वाचू नकोस म्हणाले, म्हणून वाचलं. हट्ट धराच, पण दोन माणसांचा धरा. माझी बॅग भरून झाली आहे. त्यांना एवढ्यात कळू देऊ नका.