आबांची कुऱ्हाड

रविवार, संध्याकाळी

आज आबा पहिल्यांदा दरीत माझी फॉरेस्ट गार्डची ड्यूटी बघायला आले. केजहून जीपने, धुतलेलं धोतर नेसून, आणि खांद्यावर कुऱ्हाड! माझे वडील जन्मभर उन्हाळ्यात मेंढ्या घेऊन याच दरीत उतरले. रान राखीव झाल्यापासून गार्ड दिसला की कुऱ्हाड लपवायची, नाहीतर ती जमा व्हायची.

मी धबधब्याच्या कठड्यापाशी पर्यटकांना मागं सरकवत होते. वळणावर आबा दिसले, म्हणून हात केला. त्यांनी लांबून फक्त खाकी पाहिली आणि कुऱ्हाड झटकन करवंदीच्या जाळीत सारली. मग मला ओळखलं.

हसू आलं. पण माझ्या बापाने मला भ्यावं?

पुढं मात्र दरी त्यांनीच मला दाखवली. नदी कुठं वळते, मोर कुठल्या कपारीला बसतात. मी नकाशावर पाठ केलेलं सगळं त्यांच्या पायांना ठाऊक. भेटेल त्याला सांगत होते, "ही माझी लेक हाय. हितली गार्ड."

निघताना मी जाळीतून कुऱ्हाड काढून दिली. घेतली नाही.

"जमा करून घे," म्हणाले. "लई पळालो. आता पावती दे, तुझ्या सहीची."

दिली. आबांना वाचता येत नाही. "यात तुझं नाव कोणतं?" मी बोट ठेवलं. जीप सुटेपर्यंत त्यांचा अंगठा तिथंच होता.