तुझ्या फंक्शनमधली शेवटची ओळ

दि. १४ नोव्हेंबर

प्रिय दादा,

नमस्कार. आईचा गुडघा आता बरा आहे. जिना एकटी उतरते आणि कुणी हात धरला तर रागावते. वहिनींचा खोकला थांबला का? तू फोन उचलत नाहीस, म्हणून लिहितेय.

हॉस्पिटलमधलं कानावर आलंच असेल. औषधाचा डोस काढणाऱ्या आपल्या कंपनीच्या प्रोग्रामने एका तान्ह्या बाळाला मोठ्या माणसाचा डोस काढून दिला. बाळ वाचलं, पण अजून नळ्या निघालेल्या नाहीत. नोंदीत वजन साठ किलो दिसलं, म्हणून तिथल्या सिस्टरना घरी बसवलं. त्या एकच सांगत राहिल्या, "मी चार पॉइंट दोनच टाकलं होतं."

तपासाचं काम माझ्याकडे आलं. मी प्रोग्राममधल्या चुका शोधायचा डीबगर उघडला. काळ्या खिडकीत एकेक आज्ञा टाइप करायची, प्रोग्राम हवा तिथे थांबवायचा. आपला प्रोग्राम ज्या भाषेत लिहिलाय, तिच्यात एकदा ठरलेली किंमत बदलत नाही, त्यामुळे पाऊल मागेही टाकता येतं, हे तूच शिकवलंस. चार पॉइंट दोन टाकलं, डोस बरोबर. पुन्हा टाकलं, तरी बरोबर. साहेब म्हणाले, बाई खोटं बोलतायत, अहवाल लिहून मोकळी हो.

माझं मन घेईना. मी सिस्टरना बोलावून माझ्याच खुर्चीत बसवलं, रोजच्यासारखं टाइप करा म्हटलं. त्यांनी आकडा टाकला आणि सवयीने स्पेस दाबली. डोस साठ किलोचा आला.

मग मी एकेक पायरी मागे जाऊ लागले. मध्येच बोटं थबकली, कारण कुठे पोचणार ते दिसायला लागलं होतं. स्पेसमुळे तो आकडा वजन ओळखायच्या कुठल्याच नमुन्यात बसला नव्हता, थेट फंक्शनच्या शेवटच्या ओळीत पडला होता: बाकी काहीही आलं, तर साठ. ती ओळ लिहिणारा म्हणून तिथे तुझं नाव आहे, दादा.

आईला सांगितलं. ती म्हणाली, "सख्ख्या भावाला पकडून देणार?" तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही.

अहवाल आज दिला. तुझं नाव वगळलं नाही. सिस्टर उद्या कामावर परततायत. तुला बोलावणं येईलच. त्याआधी आपणहून ये. मी तुझ्या शेजारी बसेन, पण मला काही विचारलं तर खरं तेच सांगेन.

रागावलास तरी तुझीच,
धाकटी