स्मशानाच्या पत्र्यासाठी सहकुटुंब फोटो

झाई,
१० नोव्हेंबर २०१८

चि. सौ. बकुळा हिला दादाचे अनेक आशीर्वाद, आणि जतीनरावांना नमस्कार. (त्यांच्या मातोश्रींना साष्टांग नमस्कार, तोही पहिल्या पंगतीतला.) नवसारीला सगळी खुशाल असाल. जतीनरावांचा गुडघा, निधीची परीक्षा आणि तुझा राग, तिन्हींची प्रकृती कशी आहे ते कळव. माझ्या मयूरीच्या लग्नात आपल्या आईने तुझ्या सासूबाईंना दुसऱ्या पंगतीला बसवले, त्याला आता चार दिवाळ्या झाल्या. फोन तू उचलत नाहीस, मोबाइलवरचे वाचून गप्प बसतेस, म्हणून कागद घेतला. कागदावर निळ्या खुणा उमटत नाहीत, तेवढीच माझी अब्रू राहते. पण तो विषय मी काढणार नाही. पाडव्याच्या संध्याकाळी जे पाहिले ते कोणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाही, इतकेच या पत्राचे कारण.

आपल्या किनाऱ्यावरच्या स्मशानाला छप्पर नाही. बाबांच्या वेळी भर श्रावणात आपण ताडपत्री धरून उभे होतो, ते तू विसरली नसशील. आई तर मुळीच विसरलेली नाही. ‘मला कोरडं जायचंय’ हे तिने यंदाच्या पावसाळ्यात गावातल्या प्रत्येकाला इतक्यांदा ऐकवले, की लोकांनी पत्र्याची शेड करायचे ठरवून टाकले. पण स्मशानाची वर्गणी मागायला गेले की ऐन दिवाळीत लोक तोंड फिरवतात. तेव्हा आमच्या धनेशने तोड काढली. (तोच, ज्याने नवा कॅमेरा घेतल्यापासून घरात कोणाला तोंड धुऊ न देता फोटो काढलेत.) सुट्टीत वापी-मुंबईची मंडळी घरी असतात, किनाऱ्यावर समुद्र मागे ठेवून कुटुंबाचा फोटो काढायचा, आणि ज्याने त्याने मनाला येईल ते डब्यात टाकायचे. बॅनरचा मजकूर मी केला. ‘स्मशानभूमी शेड मदतनिधी. सर्वांनी सहकुटुंब, सहपरिवार अवश्य यावे.’ मला त्यात काही वावगे दिसले नाही. पहिल्याच कुटुंबाचा फोटो कॅमेऱ्याच्या पडद्यावर दिसला, हसऱ्या चेहऱ्यांच्या बरोबर डोक्यावर हे निमंत्रण, तेव्हा ती माणसे हसायची थांबली. बॅनर उतरवून चटईसारखा अंथरला.

खरी फजिती पुढेच आहे. मुहूर्त मी भटजींकडून काढून आणला होता, पाडव्याला सूर्यास्ताच्या आधीचा. अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आपल्याकडे समुद्र कुठे असतो, हे झाईचे शेंबडे पोरसुद्धा सांगेल. मी मुहूर्त पाहिला, ओहोटी पाहिली नाही. गाव नटूनथटून किनाऱ्यावर आणि समुद्र गुजरातच्या दिशेने गेलेला. पैठण्या, नवे कुर्ते, तान्ही मुले, खुर्च्या, सगळा लवाजमा समुद्र शोधत ओल्या वाळूतून निघाला. शिव्या कोणाला पडत होत्या ते विचारू नकोस. आणि मग बकुळा, सूर्य खाली आला. त्या ओल्या वाळूत सगळे आभाळ उतरले. प्रत्येक माणसाच्या पायाला चिकटून त्याचेच दुसरे माणूस उलटे उभे. मी साठीला आलो, रोज या किनाऱ्यावर फिरतो, आणि इतकी वर्षे मी खाली पाहतच नव्हतो. मला रडू आले, ते मी डोळ्यात वाळू गेल्याचे सांगून निभावले.

आपल्या वाडीत चिकू उतरवायला येणारी जानी तुला आठवत असेल. तीही पाड्यावरून पोरे, सुना, नातवंडे घेऊन आली होती. सगळ्यांचा फोटो झाला, बाकीचे उठले, ही खुर्चीत बसूनच. धनेशला म्हणाली, “आता मना एकलीचा काढ. मेल्यावं पोरांना भितीवं लावायला फोटो गवसत नाय.” सुना कळवळल्या. जानीने पदर सारखा केला आणि थेट कॅमेऱ्याकडे पाहिले. खरेच आहे तिचे. माणूस गेले की आपण आधार कार्डावरचा फोटो मोठा करून लावतो. त्यात आपला माणूस नसतो, पकडलेला चोर असतो. मग काय, गावातली सगळी म्हातारी माणसे रांगेला लागली. धोंडीकाकांनी कवळी लावायला घरी माणूस पाठवला. कोणाच्या चेहऱ्यावर भीती नाही. आपल्याच हाराचा फोटो काढून घ्यायला, मागे आभाळ, खाली आभाळ, अशी बसली होती ती, सोयरिकीला आल्यासारखी. मी पाहतच राहिलो.

आईही हिरवे लुगडे नेसून आली होती. सगळ्यांचे होईपर्यंत खुर्ची धरून बसली, आणि तिची पाळी आल्यावर ‘आज नको’ म्हणून उठली. शेडसाठी गाव पेटवले तिने, आणि फोटो राहिला तिचाच. असो. जतीनरावांनी गुडघ्याला तेल लावावे. निधीला गोड पापा.

तुझा,
हरिश्चंद्रदादा

ता. क. येत्या अष्टमीला संध्याकाळी भरती आहे. या वेळी भटजींना विचारले नाही, समुद्रावर जाऊन पाहून आलो.

ता. क. विषय काढणार नव्हतो, पण काढतो. आईला विचारले, एकटीचा का नको. म्हणाली, “जित्या माणसाच्या फोटोला हार घालत नाय कोणी. बकुळा बाजूला बसली की बघते कोण घालतो ते.” तेव्हा तू आल्याशिवाय तिचा फोटो निघत नाही. ती थकली आहे गं. अष्टमीला ये.

ता. क. हे पत्र आईने वाचून घेतले आणि तिचे बोलणे खोडायला सांगितले. मी खोडलेले नाही. किनाऱ्यावर तीन खुर्च्या न्यायला मात्र तिने बजावले आहे. एक तिची, एक तुझी. तिसरी तुझ्या सासूबाईंची, पुढच्या रांगेत, मधोमध.